थर्मोस्टॅट काढू नका, बदलून घ्या



माल बाजारात न्यायला आता बऱ्याच गटांकडे स्वतःची चारचाकी आहे. आमच्या गटाचीही आहे. आपल्या छत्रपती संभाजीनगर जिल्ह्यात मे महिन्यात पारा चाळिशी ओलांडतो. त्यात चाळीसगावकडून कन्नडचा घाट भरल्या गाडीनं चढायचा, म्हणजे इंजिनाची परीक्षाच. गेल्या उन्हाळ्यात तिथं आमच्या गाडीचा तापमानाचा काटा लाल रेषेला टेकला. एका गॅरेजात सांगितलं, "थर्मोस्टॅट गेलाय, काढून टाकू. आपल्या उन्हात तो लागतच नाही." हा सल्ला तुम्हालाही मिळेल. आम्ही तो मानला नाही. का, ते ऐका.

थर्मोस्टॅट म्हणजे इंजिन आणि रेडिएटर यांच्यामधलं छोटं दार, कालव्याच्या दारासारखं. त्याच्या पोटात मेण असतं. इंजिन थंड असताना दार बंद असतं, म्हणून इंजिन लवकर तापून नीट चालतं. पाणी साधारण 82 ते 90 अंशांवर गेलं की मेण वितळून फुगतं, दार उघडतं आणि पाणी निवायला रेडिएटरकडे जातं. पाणी निवलं की स्प्रिंग दार लावून घेते.

हे दार बंद अडकलं तर इंजिन तापतं. उघडं अडकलं किंवा काढूनच टाकलं, तर इंजिन थंड राहतं, इंधन जास्त लागतं आणि झीज वाढते. काही इंजिनांत तर दार काढल्यावर बरंचसं पाणी रेडिएटरकडे न जाता आतल्या आतच फिरतं आणि गाडी उलट जास्त तापते.

पण काटा चढला म्हणजे थर्मोस्टॅटच गेला असं नाही. आधी पाण्याची पातळी, गळती, पंखा, पट्टा आणि वॉटर पंप बघायला सांगा.

काढलेल्या थर्मोस्टॅटची परीक्षा सोपी आहे. स्वयंपाकात पुन्हा न वापरायच्या पातेल्यात पाणी घ्या. थर्मोस्टॅट दोऱ्यानं त्यात टांगा, बुडाला टेकू देऊ नका. पाणी तापवा. उकळी फुटेपर्यंत दार उघडायला हवं. आमचं पाणी खळखळ उकळलं, तरी दार मिटलेलंच होतं.

बदलताना इंजिन पूर्ण थंड हवं. नवा थर्मोस्टॅट आपल्याच गाडीचा आणि तितक्याच अंशांचा घ्या. तो जुन्यासारखाच, त्याच बाजूनं बसवायचा. गॅसकेट किंवा रबरी रिंग नवी टाकायची. मग कूलंट भरून आत अडकलेली हवा काढायची. बोअरचं क्षाराचं पाणी भरू नका, त्यानं रेडिएटर चोंदतो. कूलंट विषारी असतं. सांडलेलं लगेच पुसा, लेकरं आणि जनावरं दूर ठेवा.

आता सगळ्यात महत्त्वाचं. काटा चढला की गाडी कडेला घेऊन बंद करा. रेडिएटरचं झाकण तापलेलं असताना उघडू नका. वाफ जाऊ न देता कुकर उघडल्यासारखं उकळतं पाणी तोंडावर उडतं. तापल्या इंजिनावर गार पाणीही ओतू नका, त्याला तडा जाऊ शकतो.

साध्या गाडीचा थर्मोस्टॅट काही शे रुपयांत येतो. इंजिन तापून हेड वाकलं, तर खर्च हजारांत जातो. म्हणून गॅरेजात ठामपणे सांगा, "काढू नका, नवा बसवा, आणि जुना आमच्या हातात द्या." गाडी गटाची आहे, तर विचारायचा हक्कही गटाचाच.