प्रश्न विचारण्याची विद्या
(ज्ञातीच्या वार्षिक संमेलनात दिलेल्या व्याख्यानाचा मजकूर)



कार्यकारी मंडळाने आजच्या संमेलनात चार शब्द बोलण्याची आम्हांस आज्ञा केली, याबद्दल आम्ही मंडळाचे ऋणी आहोत. आमचे शिक्षण जेमतेम मॅट्रिकपर्यंतचे. विद्वत्तेचा अधिकार आम्हांस नाही. तथापि खडू आणि फळा यांच्या सहवासात आयुष्याचा मोठा भाग गेल्यामुळे एका विषयाबद्दल काही सांगावेसे वाटते. तो विषय म्हणजे प्रश्न.

आपल्या घरांतून शहाण्या मुलाची व्याख्या ठरून गेलेली आहे. सांगितलेले ऐकतो, उलट विचारीत नाही, पाहुण्यांसमोर गप्प बसतो, तो गुणी. 'असे का?' म्हणून विचारणाऱ्याची 'लहान तोंडी मोठा घास' म्हणून बोळवण होते. ती मुलगी असेल तर 'सासरी कसे व्हायचे?' ही पुस्ती जोडली जाते. असे गप्प बसविलेले मूल वर्गात न समजलेला अपूर्णांक न समजलेलाच ठेवते. पुढे तेच मोठे होऊन दवाखान्यात मान डोलावते आणि कचेरीत न वाचता सही करते. त्या गप्प बसण्याची किंमत त्यास जन्मभर मोजावी लागते.

यावर कोणी म्हणतील, वडीलधाऱ्यांस प्रश्न करू नये ही आपली परंपराच आहे. तेव्हा परंपरेलाच विचारून पाहू. आपल्या प्रमुख उपनिषदांपैकी एकाचे नावच मुळी प्रश्नोपनिषद होय. सहा जिज्ञासू हाती समिधा घेऊन पिप्पलाद ऋषींकडे गेले. ऋषींनी त्यांस आणखी एक वर्ष तपाने, ब्रह्मचर्याने आणि श्रद्धेने राहण्यास सांगितले. मग हवे ते विचारा, आम्हांस ठाऊक असेल तर सर्व सांगू, असे वचन दिले. 'ठाऊक असेल तर' हे शब्द आपण नीट ध्यानात घ्यावेत. एवढा मोठा गुरू, परंतु आपणांस सर्व ज्ञात आहे असा दावा त्याने केला नाही.

त्या सहांपैकी शेवटचा सुकेशा. कोसलदेशाच्या राजपुत्राने त्यास पूर्वी एक प्रश्न केला होता. सुकेशाने, मला हे ठाऊक नाही, असे स्वच्छ सांगितले. राजपुत्र मुकाट्याने रथात बसून निघून गेला. सुकेशाने तो प्रश्न मनात जपला आणि पिप्पलादांपुढे ठेवला. उत्तर नसलेल्या प्रश्नाची लाज न बाळगता तो जाणत्याकडे नेणे, हीच शिकण्याची पहिली पायरी होय. भगवद्गीतेनेही ज्ञानप्राप्तीची साधने सांगताना प्रणिपात आणि सेवा यांच्या मधोमध परिप्रश्न ठेवला आहे. नम्रता आणि प्रश्न यांचे वैर नाही.

भगिनींसाठी आणखी एक दाखला देतो. जनकाच्या सभेत गार्गी वाचक्नवीने याज्ञवल्क्यास प्रश्नामागून प्रश्न केले. अतिप्रश्न करू नकोस, मस्तक गळून पडेल, असे त्याने बजावले तेव्हा ती थांबली; परंतु त्याच सभेत पुन्हा उठून तिने आणखी दोन प्रश्न केले. बृहदारण्यक उपनिषदाने ही हकीकत जपून ठेवली आहे. जी परंपरा गार्गीस सभेत स्थान देते, तिचे नाव सांगून आपण आपल्या लेकीसुनांस स्वयंपाकघरातही गप्प बसवावे, हे न्याय्य नव्हे.

आता ग्रीस देशाकडे वळू. अथेन्सच्या सॉक्रेटिसाची एक हकीकत प्लेटोने 'मेनो' या संवादात दिली आहे. सॉक्रेटिसाने भूमिती न शिकलेल्या एका गुलाम मुलापुढे दोन फूट बाजूचा चौरस काढला. त्याचे क्षेत्रफळ चार चौरस फूट. याच्या दुप्पट, म्हणजे आठ चौरस फुटांचा चौरस हवा. बाजू किती घ्यावी? मुलगा म्हणाला, चार फूट. पण चार चोक सोळा होतात! मग तो म्हणाला, तीन फूट. तीन त्रिक नऊ! तेव्हा मुलाने, मला ठाऊक नाही, असे कबूल केले. सॉक्रेटिसाच्या मते येथेच त्याची प्रगती झाली. कारण आधी त्यास न कळताच आपणांस कळते असे वाटत होते. पुढे प्रश्न विचारीत विचारीत सॉक्रेटिसाने त्यास कर्णावर आणले. मूळ चौरसाच्या कर्णावर उभारलेला चौरस बरोबर दुप्पट भरतो. पालकांनी घरच्या फरशीवर खडूने हा प्रयोग अवश्य करावा. फक्त उत्तर सांगण्याची घाई करू नये.

ही घाई आम्हां शिक्षकांचा नित्याचा शत्रू. अमेरिकेतील मेरी बड रो या विदुषींनी १९७० च्या दशकात वर्गांतील संभाषणांचा अभ्यास प्रसिद्ध केला. प्रश्न विचारल्यावर शिक्षक सरासरी सुमारे एकच सेकंद थांबतात, असे त्यांस आढळले. तोच अवधी तीन सेकंदांवर नेला असता मुलांची उत्तरे लांबली, निरुत्तर राहणारी मुले कमी झाली आणि मुले आपण होऊन अधिक प्रश्न विचारू लागली. 'समजले का?' असे विचारले की सारा वर्ग एका सुरात 'हो' म्हणतो, हे प्रत्येक शिक्षकास ठाऊक आहे. त्याऐवजी 'यात कोठे अडते?' असे विचारून क्षणभर थांबावे. मागच्या बाकावरचा हातही वर येतो.

प्रश्न प्रश्नात भेद आहे. उलटतपासणीचा प्रश्न माणसास बंद करतो, जिज्ञासेचा प्रश्न उघडतो. निकालाच्या दिवशी 'एवढेच गुण का?' असे विचारल्यास मुलगा खाली मान घालील; 'कोणता प्रश्न अवघड गेला?' असे विचारल्यास तो वही घेऊन शेजारी बसेल. चार चौघांत कमीपणा आणण्यासाठी विचारलेला प्रश्न हा प्रश्नच नव्हे. तो दगड होय.

व्यवहारातही हेच. औषधाची चिठ्ठी हाती पडताच, हे कशासाठी, किती दिवस घ्यावयाचे, जेवणाआधी की नंतर, एवढे तरी डॉक्टरांस विचारावे. सरकारी कामासाठी तर कायद्यानेच प्रश्नास बळ दिले आहे. माहितीच्या अधिकाराचा कायदा महाराष्ट्राने २००२ साली आणि केंद्राने २००५ साली केला. दहा रुपये शुल्क भरून अर्ज केल्यास सामान्यतः ३० दिवसांत माहिती द्यावी लागते. दारिद्र्यरेषेखालील अर्जदारास शुल्क माफ आहे. मात्र येथेही प्रश्न नेमका हवा. 'माझे काम का झाले नाही?' अशी तक्रार लिहिण्यापेक्षा 'माझ्या अमुक तारखेच्या अर्जावर झालेल्या कार्यवाहीच्या नोंदींची प्रत द्यावी' असे मागावे. कारण कायदा दप्तरातील माहिती देवविते, अधिकाऱ्याचे मनोगत नव्हे.

शेवटी आपल्या घरची दोन कामे सांगून भाषण आटोपते घेतो. पहिले, वधूवर मेळाव्याचे. मुलगी दाखविण्याच्या बैठकीत प्रश्न एकाच बाजूने येतात. यापुढे मुलीनेही विचारावे: नोकरी कोणती, व्यसन आहे काय, लग्नानंतर पुढे शिकू द्याल काय? अशा प्रश्नाने मोडणारे स्थळ मोडलेलेच बरे. लग्नानंतर कळण्यापेक्षा आधी कळलेले स्वस्त पडते. दुसरे, वार्षिक सभेचे. जमाखर्चावर प्रश्न करणाऱ्या तरुणास विघ्नसंतोषी ठरविण्याची चाल अनेक संस्थांतून दिसते. वास्तविक ज्याचे हिशेब स्वच्छ, त्यास प्रश्नाचे भय नसावे. आणि विचारणाऱ्यानेही वही पाहून, आकडा सांगून, सभ्य शब्दांत विचारावे. ज्या संस्थेत प्रश्न थांबतात, तेथे तरुण यावयाचे थांबतात. मग फंड शिल्लक राहतो आणि ज्ञाती उरत नाही.

असो. आम्हांस दिलेला वेळ संपत आला आहे. अध्यक्षांच्या अनुज्ञेने पुढील दहा मिनिटे श्रोत्यांच्या प्रश्नांसाठी राखून ठेवीत आहोत. पहिला मान समोर सतरंजीवर बसलेल्या बालमित्रांस द्यावा, अशी विनंती आहे. आम्हांस ठाऊक असेल तर सांगू. नसेल तर तसे स्पष्ट सांगू आणि मिळून शोधू.