सुटी, श्रम आणि व्यायाम
(महोत्सवानिमित्त दिलेल्या भाषणाचा मजकूर)



आपल्या ट्रस्टच्या महोत्सवात मला बोलावयास सांगितले आणि विषय दिला तो ‘सुटीतील व्यायाम’. शिक्षकाला सुटीचा विषय देण्यात चिटणीसांनी थोडा विनोद साधला असावा. कारण सुटी या विषयातील अधिकारी पुरुष शिक्षकच, असा लोकांचा समज आहे. तो कितपत खरा हा वाद मी येथे काढीत नाही. पण विषय हाती घेताच माझ्यापुढे वेगळीच अडचण उभी राहिली. भरवेलीसारख्या गावात उभे राहून ‘सुटीत व्यायाम करा’ असे सांगावयाचे तरी कोणाला?

येथील कित्येक घरांतला कर्ता पुरुष पाळीची वेळ झाली की जमिनीखाली उतरतो. आपली मॅंगनीजची भूमिगत खाण आशियातील अत्यंत खोल अशा मॅंगनीज खाणींत गणली जाते, हे आपण पाहुण्यांना अभिमानाने सांगतो. पण त्या खोलीचा हिशेब पाठीला आणि गुडघ्यांना चुकता करावा लागतो. असा माणूस सुटीत चार दिवस खाटेवर पडून राहिला, तर त्याला आळशी म्हणण्याचा अधिकार खडूपेक्षा जड वस्तू क्वचितच उचलणाऱ्या माझ्यासारख्याला नाही. त्याची बायकोही म्हणेल, “मास्तर, हे बाराही महिने राबतात, त्यांना आणखी व्यायाम कशाला?”

हा प्रश्न मला फार मोलाचा वाटतो. श्रम म्हणजेच व्यायाम, ही समजूत आपल्याकडे सार्वत्रिक आहे. परंतु डेन्मार्क देशात कोपनहेगन येथे एक लाखाहून अधिक स्त्री-पुरुषांची सुमारे दहा वर्षे पाहणी झाली आणि तिचे निष्कर्ष २०२१ साली प्रसिद्ध झाले. जे लोक फुरसतीच्या वेळी हालचाल करीत होते त्यांच्यात हृदयविकार आणि मृत्यू यांचे प्रमाण कमी आढळले. उलट ज्यांची हालचाल मुख्यतः पोटासाठी, कामावर होत होती, त्यांच्यात ते अधिक आढळले. गरिबी, धूम्रपान वगैरे गोष्टी हिशेबात धरूनही हा फरक राहिला. अशा गोष्टींचा प्रभाव हिशेबातून पुरता वगळता येत नाही, असे म्हणणारे विद्वानही आहेत आणि तो वाद अजून मिटलेला नाही. तरी या निष्कर्षामागचे जे कारण सांगितले जाते ते खाणकामगाराला पुस्तकावाचून पटावे असे आहे. व्यायामात माणूस थोडा वेळ जोर करतो, दमला की थांबतो, घाम पुसतो आणि घरी जातो. कामावर थांबणे त्याच्या हाती नसते. तासन्‌तास नाडी चढलेली, रक्तदाब वाढलेला, तेच स्नायू पुन्हा पुन्हा ताणलेले आणि बाकीचे तसेच पडून राहिलेले. शरीर झिजते, पण घडत नाही.

तेव्हा खाणीतील बंधूंना माझे सांगणे एवढेच आहे की सुटीचे पहिले दोन दिवस पोटभर झोपा आणि त्याबद्दल कोणाचे बोलणे ऐकून घेऊ नका. तिसऱ्या दिवसापासून मात्र पहाटे उठून उजेडात चाला. ज्याचा दिवस दिव्याच्या प्रकाशात जातो त्याला सकाळचे ऊन ही साधी गोष्ट नव्हे. जड वजने उचलण्याची त्याला मुळीच गरज नाही. ती हौस कचेरीतल्यांनी करावी. हात डोक्यावर नेऊन ताणावे, वाकलेली पाठ सावकाश सरळ करावी आणि आपल्या मर्जीच्या चालीने, बोलता बोलता, अर्धा तास फिरून यावे. या ‘आपल्या मर्जीच्या’ शब्दांवरच सारी मदार आहे.

आणि हे फिरणे एकट्याने न करता घरच्यांबरोबर करावे, असे मी आग्रहाने म्हणतो, त्याला आपल्या गावापुरते एक खास कारण आहे. १८३७ साली ग्लासगो येथे जॉन कूपर नावाच्या डॉक्टरांनी मॅंगनीजचा दगड दळणाऱ्या कामगारांच्या दुखण्याचे वर्णन केले. पाय जड होणे, चाल बिघडणे, तोल जाणे, आवाज बारीक होणे, चेहऱ्यावरचे भाव नाहीसे होणे, अशी ती लक्षणे. मॅंगनीजची धूळ दीर्घकाळ श्वासावाटे शरीरात जात राहिली तर मज्जासंस्थेला इजा होते, हे पुढे निरनिराळ्या देशांत सिद्ध झाले. आता, रोज पाहिलेल्या माणसाची बिघडत जाणारी चाल घरात कोणाच्या ध्यानात येत नाही. तो कामावरून येतो, जेवतो, झोपतो. परंतु सुटीत आठ दिवस बरोबर चालले, म्हणजे बाबा मागे का पडतात, वळताना भिंतीला हात का लावतात, हे मुलांना दिसते. असे दिसले तर ‘व्यायाम वाढवा’ हा सल्ला तेथे कुचकामाचा आहे. त्या माणसाला डॉक्टरांकडे न्यावे आणि तो किती वर्षे कोणत्या जागी काम करीत आहे हे न विसरता सांगावे. निवृत्त मंडळींनाही हे लागू आहे. घाबरवण्याचा माझा हेतू नाही. पाय जड होण्याची साधी कारणेही पुष्कळ असतात. पण ती कोणती हे ठरविणे शेजाऱ्यांचे काम नव्हे.

आता उरलो आपण, बसून काम करणारे. दुकानदार, कारकून, शिक्षक आणि निवृत्त होऊन वर्तमानपत्राला चिकटलेले सद्‌गृहस्थ. आपल्याला मात्र खाटेची सवलत नाही. १९६६ साली अमेरिकेत डॅलस येथे वीस वर्षांच्या पाच निरोगी तरुणांना तीन आठवडे अंथरुणावर पडून राहावयास लावले आणि त्यांची दमसास मोजली. त्याच पाच जणांना तीस वर्षांनी, पन्नाशीत, पुन्हा मोजले. तेव्हा आढळले की तीस वर्षांच्या वयाने त्यांची जेवढी शक्ती नेली, त्याहून अधिक त्या तीन आठवड्यांच्या अंथरुणाने नेली होती! मे महिन्याच्या सुटीत आपण अगदी अंथरुणाला खिळत नाही हे खरे. पण कूलरपुढची दुपार, आमरसानंतरची झोप आणि हातातला मोबाईल ही सारी त्याच वाटेवरची ठिकाणे आहेत. जागतिक आरोग्य संघटनेने २०२० साली प्रौढांसाठी आठवड्याला १५० ते ३०० मिनिटे मध्यम हालचाल सांगितली आहे. म्हणजे रोजची पंचवीस मिनिटेसुद्धा पुरतात. कामाच्या दिवसांत शाळा, बाजार, कचेरी यांच्या निमित्ताने आपण नकळत थोडेफार चालत असतो. सुटी लागली की ते निमित्तच जाते, आणि आपल्याला वाटते की आपण विश्रांती घेत आहोत.

मुलांना याच संघटनेने रोज सरासरी साठ मिनिटे सांगितली आहेत. शाळा चालू असताना ती कवायतीत, मधल्या सुटीत आणि दप्तर घेऊन पळण्यात निघून जातात. आमच्या बालाघाट जिल्ह्यातील मे महिन्यात मुलाने खेळावे केव्हा, हा प्रश्न पालक विचारतात तो रास्त आहे. उत्तर पिढ्यान्‌पिढ्या आपल्या डोळ्यांपुढे आहे. चैत्रात मोहफुले वेचावयास आणि मे महिन्यात तेंदूपत्ता तोडावयास आसपासच्या खेड्यांतील गोंड बाया व मुले उजाडण्यापूर्वीच रानात जातात आणि ऊन चढण्याच्या आत परततात. येथील उन्हाळ्याचे वेळापत्रक त्यांनी केव्हाच ठरवून ठेवले आहे. मात्र ते वेळापत्रक घ्यावे, त्यांच्या कष्टाचे कौतुक करून मोकळे होऊ नये. आमच्या मध्यप्रदेशात पन्नास पानांची एक गड्डी आणि हजार गड्ड्यांचे एक पोते, असा तो हिशेब आहे. त्या मुलाचे वाकणे हा खेळ नाही, मघाशी सांगितलेला श्रमच आहे. त्यालाही संध्याकाळी खो-खो खेळावयास मिळाले पाहिजे.

सुटीचा काळ आणि शरीर यांची सांगड आपल्या शेजारच्या विदर्भात फार पूर्वी घातली गेली आहे, हे तरुणांना ठाऊक नसते. अमरावतीला वैद्य बंधूंनी १९१४ साली श्री हनुमान व्यायाम प्रसारक मंडळ काढले. १९२४ पासून त्या मंडळाने उन्हाळी वर्ग सुरू केले. अमरावतीचा उन्हाळा काही आपल्यापेक्षा सौम्य नाही! सुटीत माणसांनी तेथे जमावे, लाठी, मल्लखांब, देशी खेळ शिकावे आणि आपल्या गावी जाऊन मुलांना शिकवावे, अशी ती योजना. याच मंडळाच्या पथकाने १९३६ साली बर्लिन ऑलिंपिकच्या वेळी आपले देशी खेळ जगाला करून दाखविले. आणि जो खो-खो आपल्याकडे ‘गरीब शाळेचा खेळ’ म्हणून हिणवला जाई, त्याची पहिली विश्वचषक स्पर्धा जानेवारी २०२५ मध्ये दिल्लीत झाली; पुरुष आणि महिला दोन्ही विजेतेपदे भारताने मिळविली. लंगडी, लगोरी, आट्यापाट्या, खो-खो यांना लागते काय? चुन्याच्या चार रेघा, फार तर सात फरश्या आणि एक चेंडू.

माता-भगिनींविषयी बोलताना मला थोडा संकोच वाटतो, कारण इतरांची सुटी लागली की त्यांची जादा पाळी सुरू होते. नणंद मुलांसह येते, भाचे येतात, पापड, कुरडया, लोणची याच दिवसांत. दिवसभर ओट्यापाशी उभे राहणे हाही श्रमच, व्यायाम नव्हे. पायांवर सूज येते ती त्याचीच. त्यांना ‘सकाळी फिरावयास जा’ म्हणणाऱ्याने आधी सकाळचा चहा आणि मुलांचा नाश्ता आपल्याकडे घ्यावा. पाणी भरणे, गहू दळून आणणे, गच्चीवर कुरडयांची चादर नेणे ही कामे पुरुषांनी आणि मोठ्या मुलांनी केली, तर त्यांचाही व्यायाम होईल आणि बाईला अर्धा तास मोकळा मिळेल. ती माहेरी गेली तर तिला तेथे झोपू द्यावे. खाणकामगाराचा पहिला नियम तिलाही लागू आहे.

प्रवासाला निघणाऱ्यांसाठी फार सांगण्यासारखे नाही. आपली जुनी छोटी गाडी इतक्या संथपणे जाई की उतरून बरोबर चालता येईल, अशी थट्टा होती. आता मोठी लाईन आली आणि ती सोयही गेली. लांबच्या प्रवासात तासा-दोन तासांनी उठून डब्यात दोन फेऱ्या माराव्या, म्हणजे पाय आखडत नाहीत. चालण्याची वेळ सकाळी आठच्या आत आणि सायंकाळी ऊन उतरल्यावर. जवळ पाणी असावे, घरी आल्यावर ताक किंवा पन्हे घ्यावे. डोके जड झाले, मळमळू लागले तर सावलीत बसावे, अंग ओले करावे; घाम थांबला किंवा बोलणे असंबद्ध झाले तर दवाखाना गाठावा. वैनगंगेत किंवा गांगुलपाऱ्याच्या पाण्यात मुलांना एकटे सोडू नये. पोहता येणारा मोठा माणूस बरोबर हवाच.

शेवटी ट्रस्टकडे एक मागणे आहे, आणि ते पैशाचे नाही, म्हणून विश्वस्तांनी निर्धास्त ऐकावे. मे महिन्यात खेळण्याच्या जागेचे फाटक पहाटे साडेपाचला उघडेल आणि साडेसातला बंद होईल, अशी व्यवस्था करावी. किल्ली कोणाकडे राहील हे आजच ठरावे. सावलीत एक माठ असावा, चुन्याची एक पिशवी असावी. मुलींसाठी त्यातली अर्धी वेळ किंवा अर्धी जागा राखून ठेवावी, आणि त्या वेळी तेथे एखादी वडीलधारी बाई बसेल असे पाहावे, म्हणजे आया निःशंकपणे मुलींना पाठवतील. आठवड्यातून तीन दिवस रेघा आखावयास आणि शिट्टी वाजवावयास मी येतो. उरलेल्या तीन दिवसांसाठी सभा संपल्यावर ज्यांना नाव द्यावयाचे असेल त्यांनी चिटणीसांच्या टेबलावरील वहीत लिहावे. रविवारी फाटक बंद राहील.