वारसा यादी म्हणजे घराला टाळं नव्हे

आपलं घर महापालिकेच्या वारसा यादीत आलं, असं कळलं की मालकाच्या पोटात गोळा येतो. आता भिंतीत खिळाही ठोकता येणार नाही, असं वाटतं. मुळात नियम काय आहे, तो आधी पाहू. किल्ले आणि लेणी यांच्यासाठी केंद्राचा १९५८ चा आणि राज्याचा १९६० चा कायदा आहे. पण मुंबईच्या गिरगावातल्या खोताच्या वाडीची ओळख तिथल्या लाकडी सज्जांच्या राहत्या घरांत आहे. ती स्मारकं नव्हेत. तिथे माणसं नांदतात. अशा वास्तूंसाठी मुंबईत १९९५ साली विकास नियंत्रण नियमावलीत ६७ क्रमांकाचा नियम आला. त्याने तीन श्रेणी आणल्या. पहिल्या श्रेणीत वास्तूच्या मजबुतीसाठी आवश्यक तेवढंच काम करता येतं. दुसरीत अंतर्गत बदल काटेकोर छाननीनंतर होतात. तिसरीत तर आत-बाहेर बदल, वाढीव बांधकामही सर्वसाधारणपणे चालतं. अट एवढीच, की ते मूळ वास्तूशी आणि परिसराशी सुसंगत हवं.

यावर कोणी विचारेल, मालकी माझी, मग परवानगी पालिकेची का? कारण रस्त्याचं रूप एका मालकाचं नसतं. दहा घरांच्या रांगेतलं एक पाडलं, तर उरलेल्या नऊ घरांचंही मोल घटतं. मालकाचा बांधकामाचा हक्क अडला, तर तो टीडीआर म्हणजे हस्तांतरणीय विकास हक्काच्या रूपाने इतरत्र वापरण्याची तरतूदही आहे. दुसरा आक्षेप मात्र रास्त आहे. भाडं तुटपुंजं आणि डागडुजीचा खर्च मोठा. तिथे टीडीआरने गळकं छप्पर लगेच शाकारलं जात नाही. म्हणून यादीबरोबर मालमत्ता करात सवलत आणि दुरुस्तीला अनुदान मिळालंच पाहिजे. नुसत्या मनाईने घर वाचत नाही.

तोवर आपल्या हाती बरंच आहे. आपली वास्तू कोणत्या श्रेणीत आहे, हे पालिकेत विचारा. यादी जाहीर होताना हरकती आणि सूचना मागवतात, तेव्हा गप्प राहू नका. कामाला हात घालण्याआधी परवानगी आणि जाणकाराचा सल्ला घ्या. चुन्याच्या भिंतीवर सिमेंटचा गिलावा चढवलात, तर आतली ओल कोंडते आणि पापुद्रे सुटू लागतात. तिथे चुनाच लावा. सागवानी कठड्याचा एखादा गज कुजला, तर तेवढाच बदला. असं वेळेवर जपलेलं घर पाडायचा प्रश्नच उरत नाही.