गोदामाची शिस्त आणि संगणकाची वही

(मंडळाच्या वार्षिक संमेलनात कोपरी येथे केलेले भाषण)



व्यापारावर बोलण्याचा अधिकार व्यापाऱ्याचा. मी जन्मभर खडू हातात धरलेला, जुन्या अकरावीचा मॅट्रिक. परंतु सेवानिवृत्तीनंतर आपल्यांतीलच एका बंधूंच्या पेढीत दोन वर्षे हिशेबाच्या वह्या पाहण्याचा योग आला. तेथे जे पाहिले ते आपणांपुढे ठेवावे, अशी कार्यकारी मंडळाची आज्ञा झाली. ती शिरसावंद्य मानून चार शब्द बोलतो.

व्यापार ही आपल्या या भागाला नवी गोष्ट नव्हे. कान्हेरीच्या लेण्यांतील प्राचीन दानलेखांत कल्याणच्या व्यापाऱ्यांची नोंद आहे. आणि अलीकडचे पाहावयाचे तर आपल्या कोपरीच्या वेशीवरच मुंबईच्या जकातीचा मुलुंड नाका होता. तेथे मालमोटारींची रांग तासन्‌तास खोळंबलेली आपण सर्वांनी पाहिली आहे. ही जकात चुकवावी असे नव्हे, पण माल विकला जाईपर्यंत तरी ती भरावी लागू नये, म्हणून अनेक पेढ्या माल हद्दीबाहेर ठेवीत. भिवंडीजवळच्या काल्हेर, पूर्णा, राहनाळ, माणकोली या गावांतील शेतांवर गोदामे उभी राहिली, त्यामागे हे एक मोठे कारण होते. शिवाय एका राज्यातून दुसऱ्या राज्यात विक्री केली की केंद्रीय विक्रीकर लागे. तो टाळण्यासाठी मोठ्या कंपन्या प्रत्येक राज्यात एकेक गोदाम राखीत.

1 जुलै 2017 रोजी वस्तू व सेवा कर लागू झाला आणि मुंबईची जकात संपली. 1 एप्रिल 2018 पासून आंतरराज्य मालवाहतुकीसाठी ई-वे बिल आले. कराच्या सोयीसाठी ठिकठिकाणी गोदामे ठेवण्याचे कारण उरले नाही. थोडी पण मोठी गोदामे ठेवावीत, ती हमरस्त्याजवळ असावीत आणि साठ्याचा हिशेब एका ठिकाणी दिसावा, हा विचार बळावला.

आमच्या बंधूंनीही तसेच केले. तीन लहान गोदामे मोडून त्यांनी भिवंडीस एक मोठे गोदाम घेतले आणि साठ्याच्या नोंदीसाठी संगणकाची प्रणाली आणली. या प्रणालीचे काम तत्त्वतः सोपे आहे. प्रत्येक जिनसेला एक क्रमांक द्यावयाचा. माल आला की जमा, गेला की वजा. खोक्यावरील बारकोड यंत्राने वाचला की नोंद होते. असा बारकोड दुकानात प्रथम वाचला गेला तो 1974 साली अमेरिकेतील ओहायो राज्यात, च्युइंगमच्या एका पाकिटावर!

याचा लाभ केवढा, हे एका उदाहरणाने सांगतो. एखाद्या साबणाची रोज 20 खोकी खपतात आणि मागणी केल्यापासून माल येण्यास 6 दिवस लागतात. म्हणजे त्या मुदतीत 120 खोकी लागणार. अडीअडचणीसाठी 40 राखून ठेवली तर शिल्लक 160 वर येताच नवी मागणी गेली पाहिजे. उशीर केला तर गिऱ्हाईक परत जाते, घाई केली तर भांडवल अडकते. हे त्रैराशिक एका जिनसेचे कोणीही मांडील. दोन हजार जिनसांचे रोज मांडावयाचे तर यंत्रच हवे.

तथापि गोदामात एक वृद्ध भांडारी होते. तीस वर्षांची चाकरी. कोणती थप्पी कोठे, हे अंधारात हात लावून सांगत. नोंदी मात्र ते शाळकरी वहीत पेन्सिलीने करीत. नवी प्रणाली आल्यावर मालकांनी त्यांना पुढील महिन्याच्या पहिल्या तारखेपासून न येण्यास सांगितले. माझे मत विचारले असता मीही मान डोलावली. हे मी आज आपणांपुढे कबूल करतो.

ते गेल्यावर महिनाभराने प्रत्यक्ष मोजणी झाली. एका जिनसेची पडद्यावर 48 खोकी, थप्पीत 31. उरलेल्या 17 खोक्यांबद्दल हमालांवर संशय घेण्यापर्यंत पाळी आली. तेवढ्यात मला त्या वहीची आठवण झाली. कपाटातून ती काढून पाहिली. पावसाळ्यातील एका रात्री वीज गेली असता 12 खोकी दुकानात रवाना केलेली, आणि पावसाने भिजून 5 खोकी बाद झालेली. तारखांसह लिहिलेले होते. संगणकात ते कोणी घातलेच नव्हते, कारण घालावयाचे कोणी हे कोणास सांगितलेच नव्हते.

प्रणालीत दोष नव्हता. तिला जे सांगितले तेच तिने लक्षात ठेवले. दोष आमचा. गोदाम लावण्यापूर्वी आम्ही यंत्र आणले, आणि गोदाम ज्याला ठाऊक त्यालाच बाहेर काढले. विद्यार्थ्याने पाढा चुकीचा पाठ केला, तर वेगाने म्हटल्याने तो बरोबर ठरत नाही.

मालक स्वतः त्यांच्या घरी गेले. भांडारी परत आले, पण एक अट घालून: गाडी दारातून हलण्यापूर्वी नोंद झालीच पाहिजे, वीज नसेल तर वहीत, आणि वीज येताच संगणकात. वर्षभरात त्यांनी दोन तरुण तयार केले, आणि मग सन्मानाने निवृत्त झाले. त्या वर्षी दर शनिवारी थोड्या थोड्या जिनसांची मोजणी होई, आणि तफावत निघाली तर चोर शोधण्यापूर्वी चुकलेली नोंद शोधली जाई. हमालांची माफी मीच मागितली.

बंधूंनो, आपल्या ज्ञातीतील कित्येक तरुण आज भिवंडीच्या गोदामांत नोकरीस आहेत. त्यांना माझे सांगणे की संगणक अवश्य शिका, पण एकदा तरी थप्पी हाताने मोजा. दुकानदार बंधूंना विनंती की नवी प्रणाली घेण्यापूर्वी जुन्या माणसाला शेजारी बसवून त्याची वही वाचा. आणि माझ्या वयाच्या मंडळींना एवढेच म्हणेन की आपल्यापाशी जे आहे ते मुठीत झाकून ठेवू नका. मागण्यापूर्वीच देऊन टाका.