प्रश्न नीट वाचा
(स्नेहमेळाव्यातील मनोगत)



शाळेने काय दिलं यावर बोल, असं संयोजकांनी सांगितलं. फार मोठं काही सुचेना, म्हणून यंदा आमच्या घरात गाजलेल्या एका प्रश्नाबद्दल सांगते. जुनी गाडी ठेवायची की बदलायची?

आमची छोटी पेट्रोल गाडी एप्रिल 2010 ची. खासगी गाडीची नोंदणी पंधरा वर्षांची असते. पुढे आरटीओत गाडी दाखवून, तपासणी करून ती पाच-पाच वर्षांसाठी वाढवून मिळते. तिची फी 5,000 रुपये, शिवाय पर्यावरण कर. दिल्लीत पंधरा वर्षांवरच्या पेट्रोल गाड्यांवर बंदीचे आदेश निघाले, तसं आपल्याकडे नाही. त्यामुळे निर्णय आमच्यावरच होता.

सॉफ्टवेअरवालीच मी, एक्सेल उघडलं. गॅरेजवाल्याने क्लच, टायर, ब्रेक आणि सस्पेन्शन मिळून 38,000 चा आकडा दिला होता. नवी गाडी साडेसहा लाखांची. तेवढ्या रकमेचं सात टक्क्यांनी वर्षाचं व्याज 45,500. शिवाय विम्याच्या कोष्टकात गाडी एक वर्षाची होईपर्यंत तिची किंमत 15 टक्के उतरते, म्हणजे 97,500. आमचं फिरणं वर्षाला जेमतेम चार हजार किलोमीटर. उत्तर स्पष्ट होतं : गाडी ठेवा. मी खूश. आमच्या ऑफिसातही नियम असाच आहे, चालू असलेल्या जुन्या प्रणालीला उगाच हात लावायचा नाही.

पण त्या चार हजारांतले निम्म्याहून जास्त किलोमीटर पुणे-सातारा रस्त्यावरचे. अण्णांना डोळ्यांच्या तपासणीसाठी पुण्याला न्यायचं आणि परत सोडायचं. जुलैत त्यांना सोडायला निघाले होते. खंबाटकी चढून वेळ्याच्या बाजूला उतरताना पाऊस होता. पुढचा ट्रक अचानक थांबला. मी ब्रेक दाबला, चाकं जाम झाली, आणि स्टिअरिंग फिरवूनही गाडी सरळच घसरत गेली. ट्रकच्या फाळक्यापासून हातभरावर थांबली. अण्णा पुढच्या सीटवर. ते काही बोलले नाहीत. थोड्या वेळाने म्हणाले, "चहा घेऊया का?" कप धरताना हात माझाच थरथरत होता.

एबीएस असतं तर चाकं जाम झाली नसती आणि ब्रेक दाबलेला असतानाही गाडी वळवता आली असती. आमच्या मॉडेलात ते नव्हतं, एअरबॅगही नव्हती. 2010 मध्ये दोन्ही सक्तीचं नव्हतं. नव्या गाड्यांना एबीएस आणि चालकाची एअरबॅग 2019 मध्ये सक्तीची झाली, शेजारच्या सीटची 2021 अखेर. म्हणजे अण्णा ज्या सीटवर बसतात, तिचा विचार सर्वांत शेवटी झाला. आणि माझ्या एक्सेलमध्ये तर झालाच नव्हता.

तेव्हा आपल्या गणिताच्या बाई आठवल्या. पेपर देताना त्या लाल शाईत लिहायच्या, "रीत बरोबर. प्रश्न नीट वाचा." मी "स्वस्त काय?" हे गणित अगदी बिनचूक सोडवलं होतं. आम्हाला पडलेला प्रश्न तो नव्हताच.

आम्ही नवी गाडी घेतली. आता जुनीचं काय? गॅरेजमध्ये काम करणाऱ्या एका मुलाला ती हवी होती. मी त्याला घाटातली गोष्ट सांगितली, एबीएस नाही, एअरबॅग नाही, सगळं सांगितलं. तो म्हणाला, "ताई, आत्ता आम्ही चौघं मोटरसायकलवर जातो. पावसात धाकटीला मध्ये दाबून धरावं लागतं."

माझ्याकडे उत्तर नव्हतं. जी गाडी माझ्या वडिलांसाठी मला धोक्याची वाटत होती, तीच त्याच्या लेकरांसाठी आजच्यापेक्षा सुरक्षित होती. गाडी तीच, पण त्याचा प्रश्न निराळा. ब्रेक आणि टायरचं काम आम्ही आमच्या खर्चाने केलं, नोंदणी वाढवून घेतली आणि रीतसर त्याच्या नावावर करून दिली. मागच्या सीटचे पट्टे आत दबून गेले होते, ते बाहेर काढून मुलींना लावायला शिकवले.

आपण सगळे आता अशा वयात आहोत, की आई-वडील आपल्या शेजारच्या सीटवर बसतात. तुमच्या दारातही अशी जुनी गाडी असेल. ती ठेवा किंवा बदला, हिशेब जरूर करा. फक्त त्यात एक रकाना वाढवा : गाडीत कोण बसतं आणि कुठल्या रस्त्याने जातं.

बाई, तुम्ही आज समोर बसला आहात म्हणून सांगते. या वेळी प्रश्न दुसऱ्यांदा वाचला.