संगणकाचे मांद्य

यवतमाळ जिल्ह्यातून पेनगंगा ओलांडून दक्षिणेस उतरले की आदिलाबाद जिल्हा लागतो. १९५६ पर्यंत हा मुलूख हैदराबाद राज्यात होता. त्या वर्षीच्या १ नोव्हेंबरला तो आंध्र प्रदेशात गेला, २ जून २०१४ पासून तो तेलंगणात आहे, आणि २०१६ साली मूळ जिल्ह्याचे चार जिल्हे झाले. राज्ये बदलली, सीमा बदलल्या. परंतु नदीकाठच्या जैनथ, बेला या भागांतील पुष्कळ घरांतून बोलली जाणारी मराठी मात्र आहे तिथेच आहे. अशा घरातला मुलगा शाळेत तेलुगू आणि इंग्रजी शिकतो, बाजारात दखनी वळणाची हिंदी बोलतो, आजीशी मराठीत बोलतो, आणि घरात सात-आठ वर्षांपूर्वी घेतलेला संगणक असल्यास त्याच्याशी इंग्रजीतून व्यवहार करतो. तो संगणक कुरकुरू लागला म्हणजे मात्र या चारही भाषांत मिळून एकच शब्द उरतो : ‘स्लो झाला’.

पुढचा सारा घोटाळा या एका शब्दाने होतो. पेटी उचलून शहरातल्या दुकानी नेली जाते. दुकानदार विचारतो, काय झाले? उत्तर ठरलेले, आणि त्यावरचा उपायही ठरलेला : ‘फॉरमॅट मारावा लागेल.’ फॉरमॅट म्हणजे संगणकातील साठ्याची पाटी पुसून त्यावर सगळी व्यवस्था नव्याने लिहिणे. संध्याकाळी संगणक परत येतो तो खरोखरच चपळ झालेला असतो. मात्र जमिनीच्या कागदांच्या प्रती, मुलीच्या शिष्यवृत्तीसाठी जमविलेले दाखले, दोन वर्षांपूर्वी वारलेल्या आजोबांची छायाचित्रे, हे सारे त्या पाटीबरोबर पुसले गेलेले असते. दुकानदाराला दोष देण्यात अर्थ नाही. त्याला एकच शब्द सांगितला गेला होता. त्याने त्या शब्दावरचा सर्वांत सरधोपट उपाय केला.

वस्तुतः मंद होणे हा रोग नव्हे, ते लक्षण आहे. अग्निमांद्याची तक्रार घेऊन आलेल्या रोग्याला जाणता वैद्य लगेच चूर्णाची पुडी बांधून देत नाही. केव्हापासून, काय खाल्ल्यावर, सकाळी की रात्री, हे आधी विचारतो. संगणकाच्या मांद्यालाही तेच प्रश्न लागू पडतात, आणि त्यांची उत्तरे घरच्याच माणसाला देता येतात. त्यासाठी संगणकशास्त्राची पदवी लागत नाही. सुरू होतानाच रेंगाळतो, की अर्ध्या तासाने? सगळीच कामे मंद होतात, की केवळ इंटरनेटवरची? त्याच वेळी, त्याच जोडणीवर घरातला मोबाइलही अडखळत असेल तर दोष संगणकात नाही, जोडणीत आहे. एवढा एक पडताळा घेतला तरी कित्येक पेट्यांची शहरापर्यंतची वारी वाचेल.

दुसरा पडताळा याहूनही सोपा आहे, आणि तो बहुतेकांना चमत्कारिक वाटतो. विंडोज १० आणि ११ या प्रणालींत बहुधा ‘फास्ट स्टार्टअप’ नावाची सोय चालू असते. तिच्यामुळे ‘शट डाऊन’ केल्यावर संगणक संपूर्णतः विसरत नाही. प्रणालीच्या गाभ्याची अवस्था तो साठवून ठेवतो आणि दुसऱ्या दिवशी तीच पुन्हा उचलतो. त्यामुळे रोज रात्री बंद होणारा संगणकही आठवडेच्या आठवडे जुनेच ओझे वाहत असतो. ‘रीस्टार्ट’ केल्याने मात्र तो खरोखर नव्याने उठतो. तेव्हा ‘आम्ही तर रोज बंद करतो’ हे उत्तर पुरेसे नाही. रीस्टार्ट केला काय, हे विचारावयास हवे.

एवढ्यानेही गुण आला नाही तर नाडी पाहावी. कंट्रोल, शिफ्ट आणि एस्केप या तीन कळा एकत्र दाबल्या की ‘टास्क मॅनेजर’ नावाची खिडकी उघडते. तीत सीपीयू, मेमरी, डिस्क आणि नेटवर्क असे चार रकाने असतात आणि प्रत्येकाखाली शेकड्यांत आकडे. सुरू झाल्याबरोबरची काही मिनिटे सोडून द्यावीत, कारण तेव्हा संगणक आपली घडी बसवीत असतो. दहा मिनिटांनंतरही कोणता आकडा शंभराच्या घरात ठाण मांडून बसला आहे, ते पाहावे.

मेमरीचा आकडा भरलेला दिसला तर प्रकरण सरळ असते. रॅम ही खळ्यासारखी आणि डिस्क ही कोठारासारखी. खळे मोठे असले तर सगळी रास एका वेळी पसरता येते. लहान असले तर थोडी पसरायची, उचलायची, कोठारात टाकायची, दुसरी आणायची. मळणीपेक्षा वाहतूकच जास्त. ४ जीबी रॅम असलेल्या संगणकात ब्राउझरची पंधरा पाने एकदम उघडली की नेमके हेच घडते. उपाय दोन : पाने कमी उघडावीत किंवा खळे वाढवावे. रॅमची पट्टी बसविण्यास जागा असेल तर ८ जीबीपर्यंतची वाढ बहुतेक घरगुती कामांना पुरते. याच खिडकीत ‘स्टार्टअप’ म्हणून एक भाग असतो. संगणक सुरू होताच कोणकोणते कार्यक्रम न बोलावता पंगतीला येऊन बसतात, त्यांची यादी तेथे मिळते. छपाईयंत्राचे साहाय्यक, खेळांची दुकाने, एकावर एक बसविलेले दोन-दोन विषाणुरोधक यांची तेथे गर्दी असते. हे विषाणुरोधक एकमेकांवरच पहारा करीत बसतात. विंडोजमध्ये मुळातच असलेला एक रक्षक घराला पुरेसा होतो.

डिस्कचा आकडा शंभरावर अडकलेला दिसला, तर मात्र थोडे थांबून विचार करावयास हवा. जुन्या घरगुती संगणकांत बहुधा फिरणारी हार्ड डिस्क असते. या यंत्राचा जन्मही १९५६ सालचाच. ज्या वर्षी आदिलाबादच्या कपाळीचे राज्य बदलले, त्याच वर्षीच्या सप्टेंबरात अमेरिकेतील आयबीएम कंपनीने पहिली फिरती डिस्क जाहीर केली. तीत २४ इंच व्यासाच्या ५० तबकड्या होत्या, ती मोठ्या कपाटाएवढी होती, आणि तीत मावत होती अवघी पन्नास लाख अक्षरे. आजच्या मोबाइलमधील एखाददुसरे छायाचित्र तीत कसेबसे बसले असते! आकार लहान झाला, साठा अफाट वाढला, पण मूळ रीत तीच राहिली : फिरणारी तबकडी आणि तिच्यावर सरकणारी सुई. मिनिटाला ५४०० वेळा फिरणाऱ्या तबकडीला एका फेऱ्यास सुमारे अकरा सहस्रांश सेकंद लागतात. सुई हलणार, हवी ती जागा तिच्याखाली येण्याची वाट पाहणार, मग वाचणार. विखुरलेल्या जागी ठेवलेल्या नोंदी अशा रीतीने सेकंदाला फार तर शंभराच्या आसपास वेचता येतात. आजची प्रणाली मात्र सुरू होतानाच अशा हजारो नोंदी मागते. एसएसडी नावाच्या नव्या साठ्यात फिरणारे काही नसल्यामुळे ही वाट पाहणी उरत नाही, आणि त्याच सेकंदात हजारोंनी नोंदी वाचल्या जातात. म्हणूनच जुन्या संगणकात हार्ड डिस्क काढून एसएसडी बसविल्यास जो फरक पडतो, तो दुसऱ्या कोणत्याही एका खर्चाने पडत नाही. नवा संगणक घेण्याची भाषा बोलण्यापूर्वी हा उपाय विचारात घ्यावा हे बरे.

परंतु डिस्क अडकण्यामागे दुसरे, अधिक अशुभ कारणही असू शकते. डिस्क मरणपंथाला लागली की तिच्या काही जागा वाचता येईनाशा होतात. ती तोंडाने काही सांगत नाही. तीच जागा पुन्हा पुन्हा वाचू पाहते, आणि तोवर सगळा संगणक ताटकळत उभा राहतो. घरच्या माणसाला एवढेच दिसते की संगणक मंद झाला. एखादी फाइल उघडता उघडता यंत्र गोठणे, नक्कल करताना मध्येच थबकणे, आतून टक-टक असा आवाज येणे, ही त्या आजाराची चिन्हे होत. डिस्क आपल्या प्रकृतीची नोंद स्वतःपाशी ठेवीत असते. क्रिस्टलडिस्कइन्फोसारख्या मोफत साधनाने ती वाचता येते. नोंद वाईट निघाली तर विश्वास ठेवावा. चांगली निघाली तरी निर्धास्त राहू नये.

अशा वेळी उपायांचा क्रम चुकला तर यंत्र वाचते आणि त्यातला ऐवज जातो. पहिले काम दुरुस्तीचे नव्हे, नकलेचे. कागदपत्रे आणि छायाचित्रे प्रथम बाहेरच्या डिस्कवर वा पेनड्राइव्हवर उतरवून घ्यावीत. शक्य तर आणखी एक प्रत घराबाहेर, नातलगाकडे किंवा इंटरनेटवरील साठ्यात ठेवावी. त्याआधी डिस्कची साफसफाई करणारे, तिची पुनर्रचना करणारे वा तिच्यातील चुका दुरुस्त करणारे कोणतेही कार्यक्रम चालवू नयेत. खंगलेल्या बैलाला आणखी एक फेरी मारावयास लावण्यासारखेच ते आहे. टक-टक ऐकू येत असेल तर यंत्र बंदच करावे आणि जाणत्याच्या हाती द्यावे. तेही ‘आतले कागद आधी हवेत, फॉरमॅट करू नये’ असे स्पष्ट शब्दांत, शक्यतो चिठ्ठीवर लिहून.

आता खास आदिलाबादचे असे एक कारण. हा कापसाचा जिल्हा आहे. दिवाळीच्या सुमारास वेचणी सुरू होते, जिनिंगच्या कारखान्यांकडे गाड्या लागतात, आणि भाव चढेल या आशेने पुष्कळ शेतकरी आपला कापूस राहत्या घराच्याच एखाद्या खोलीत भरून ठेवतात. त्याचे तंतू हवेत तरंगत राहतात आणि संगणकाचा पंखा ते इमानाने आत ओढून घेतो. प्रोसेसरवर उष्णता बाहेर टाकण्यासाठी धातूच्या पातळ पत्र्यांची जी चळत असते, तिच्या फटींत या तंतूंची आणि धुळीची गादी तयार होते. थंडीत तिचा त्रास जाणवत नाही. मे महिन्यात, बाहेर पारा ४५ अंशांकडे सरकत असताना, पंखा घुरघुरू लागतो, आतले तापमान शंभर अंशांच्या जवळ जाते, आणि प्रोसेसर स्वतःला जळण्यापासून वाचविण्यासाठी आपला वेग आपणच कमी करतो. सकाळी बरा चालणारा संगणक दुपारी रडत असेल, किंवा सुरू केल्यापासून वीस मिनिटांनी ढेपाळत असेल, तर फॉरमॅटची नव्हे, कुंचल्याची गरज आहे. वीज पूर्ण काढून, पंख्याची पाती बोटाने धरून ठेवून, मऊ कुंचल्याने आणि फुंकणीने ती गादी झाडावी. लॅपटॉप बिछान्यावर ठेवून वापरण्याची सवय तर हिवाळ्यातही उन्हाळा आणते.

कमी दाबाच्या विजेवर खापर फोडण्याची पद्धत खेड्यापाड्यांतून रूढ आहे, पण ते बरोबर नव्हे. दाब फार उतरला तर मेजावरचा संगणक मंद होत नाही, तो सरळ बंद पडतो. पुन्हा पुन्हा असे अवचित बंद पडणे मात्र डिस्कला बाधते, आणि मांद्य येते ते त्या मार्गाने. लॅपटॉपची गोष्ट निराळी. मूळ चार्जर हरवल्यावर बाजारातला स्वस्तातला जोडला आणि यंत्राने त्याला ओळखले नाही, तर कित्येक लॅपटॉप सावधगिरीने वेग उतरवून चालतात. चार्जर बदलला तो दिवस आणि संगणक मंदावला तो दिवस एकच आहे का, एवढे आठवून पाहावे.

पडद्यावर अचानक ‘तुमचा संगणक धोक्यात आहे, या क्रमांकावर फोन करा’ अशी पाटी झळकली, तर ती औषधाची नसून चोराची आहे असे समजावे. पलीकडचा मनुष्य संगणक दुरून ताब्यात मागतो, आणि मग बँकेचे खातेही. अशी फसवणूक झाल्यास १९३० या राष्ट्रीय साहाय्य-क्रमांकावर विलंब न लावता कळवावे. ‘वेग वाढवून देतो’ म्हणणारी फुकटची सॉफ्टवेअरे याच जातीची नसली, तरी त्यांच्या वळचणीला राहणारी आहेत.

राहता राहिला वयाचा प्रश्न. मायक्रोसॉफ्टने विंडोज १० चा सर्वसाधारण आधार १४ ऑक्टोबर २०२५ रोजी संपविला. विंडोज ११ साठी किमान ४ जीबी रॅम, टीपीएम २.० हे सुरक्षासाधन आणि तुलनेने अलीकडचा प्रोसेसर लागतो. २०१७ च्या आधीचे बहुतेक संगणक त्या कसोटीस उतरत नाहीत. अशा यंत्रावर लिनक्सची एखादी हलकी प्रणाली बसविता येते. तिच्यात मराठी आणि तेलुगू दोन्ही लिपी नीट उमटतात, इंटरनेट, पत्रलेखन आणि मुलांचा अभ्यास चालतो. हिशेबाचे ठरावीक सॉफ्टवेअर किंवा एखादे जुने छपाईयंत्र तिच्याशी जमवून घेत नाही, म्हणून दुकान चालविणाऱ्याने आधी चौकशी करावी. विद्यार्थ्याच्या घरात ती अडचण क्वचितच येते.

आणि अखेर यंत्र विकावयाचे वा भंगारात द्यावयाचे ठरलेच, तर डिस्क काढून घरी ठेवावी. डिलीट केलेले कागद, फार काय, घाईघाईने फॉरमॅट केलेल्या जुन्या हार्ड डिस्कवरील कागदसुद्धा पुष्कळदा परत वाचता येतात. खातेपुस्तकाची प्रत आणि आधार कार्डाचे छायाचित्र त्यांतच असते.