परदेशी गेलेल्या पोराचं जेवण
(मंडळाच्या गणेशोत्सवात दिलेल्या भाषणाचा मजकूर)



पोळा झाला, गोटमार झाली, गणपती बसले. याच दिवसांत हल्ली आपल्या पांढुर्णा-सौंसरकडे आणखी एक गोष्ट दिसू लागली आहे. एखाद्या घरात बैठकीतच मोठी बॅग उघडी पडलेली असते, शेजारी वजनकाटा असतो, आणि आई पापडाचं पाकीट आत टाकते तर बाप ते बाहेर काढतो. जर्मनीतलं हिवाळी सत्र ऑक्टोबरात सुरू होतं, म्हणून तिकडे जाणारी पोरं गणपतीच्या आसपासच निघतात. कोणी पूर्ण पदवीसाठी जातं. कोणी दोन कॉलेजांच्या करारातून एका सत्रापुरतं जातं, म्हणजे आपला विद्यार्थी तिकडे आणि त्यांचा इकडे. या अदलाबदलीत शिकवणीची फी बहुधा माफ असते. राहण्या-खाण्याचा खर्च मात्र बहुतेक ज्याचा त्याचाच.

मंडळाने विषय दिला तो परदेशातल्या विद्यार्थी जीवनाचा. कॉलेज, व्हिसा आणि कर्ज यांवर बोलणारे नागपुरात पैशाला पासरी आहेत. आम्ही फक्त जेवणावर बोलणार आहोत.

बाहेरगावी शिकणं आपल्याला नवीन नाही. १९५६ पर्यंत आपण आणि नागपूर एकाच राज्यात होतो, नागपूर आपली राजधानी होती. राज्याची रेषा बदलली तरी कॉलेज, दवाखाना आणि लग्नाचा बस्ता नागपूरचाच राहिला. आता २०२३ पासून पांढुर्णा स्वतःच जिल्हा झाला, सौंसर त्यात आलं, तरी पोरगं बारावी झालं की बॅग नागपूरकडेच वळते. ओळखीच्या माणसाच्या हातून गाडीने डबा धाडायचा, रिकामा डबा परत मागवायचा, हे आपल्या घरोघरी झालेलं आहे. त्यामुळे आई-बापाला वाटतं, परदेश म्हणजे जरा लांबचं नागपूर. पण नागपूरच्या पोराचा डबा संपला तर ते रविवारी घरी येतं. तिकडच्या पोराचा डबा संपला हे आपल्याला कळतसुद्धा नाही.

आपल्या मराठी माणसांत या वाटेने पहिल्यांदा गेलेल्यांची आठवण आम्ही मुद्दाम काढणार आहोत. आनंदीबाई जोशी ७ एप्रिल १८८३ रोजी कलकत्त्याहून बोटीत बसल्या, तेव्हा त्यांना नुकतं अठरावं पूर्ण झालं होतं. जाण्याआधी श्रीरामपूरच्या कॉलेजात त्यांनी जाहीर भाषण केलं, हिंदू म्हणून जाईन आणि हिंदू म्हणूनच परत येईन असं सांगितलं. हा शब्द फक्त देवधर्माचा नव्हता. तो साडीचा होता आणि ताटाचाही होता. न्यू जर्सीतल्या रोझेल गावी कार्पेंटरबाईंनी त्यांना घरात मुलीसारखं ठेवलं, तोवर ठीक होतं. पुढे फिलाडेल्फियाला स्त्रियांच्या वैद्यकीय कॉलेजात शिकताना त्यांना वेगळ्या खोलीत राहावं लागलं. त्या खोलीची शेगडी पेटवली की धूर कोंडायचा आणि विझवली की थंडी वाजायची. दोन्हींतून एक निवडायचं. शाकाहारी माणसाला त्या काळच्या अमेरिकेत काय मिळत असेल, याचा विचार आपल्या गृहिणींनी करावा. डाळ नाही, हिरवी मिरची नाही, बाहेर बर्फ आणि समोर शरीरशास्त्राची जाडजूड पुस्तकं. त्यांनी ते निभावलं. ११ मार्च १८८६ ला त्या डॉक्टर झाल्या. २६ फेब्रुवारी १८८७ ला पुण्यात गेल्या, बावीस वर्षंही पूर्ण झाली नव्हती. आजार क्षयाचा होता. तो जेवणाने झाला असं आम्ही म्हणणार नाही. पण थंडी आणि अपुरं खाणं यांनी तो बरा व्हायला मदत केली नसणार, एवढं कळायला डॉक्टर व्हावं लागत नाही.

दुसरं नाव आपल्याच मध्य प्रदेशात महूला जन्मलेल्या बाबासाहेबांचं. १९१३ मध्ये बडोदा सरकारची शिष्यवृत्ती मिळाली, महिना साडेअकरा पौंड. न्यूयॉर्कला कोलंबिया विद्यापीठाच्या वसतिगृहात ते उतरले, पण तिथल्या जेवणाला कंटाळून काही दिवसांतच त्यांनी जागा बदलली. पुढे नवल भाथेना या पारशी मित्राबरोबर राहिले, आणि ही मैत्री जन्मभर टिकली. शिष्यवृत्तीतून घरी पैसे पाठवायचे होते, पुस्तकं घ्यायची होती. मग काटछाट कुठे करायची? पोटातच. १९२० नंतर लंडनला तर हाल अधिक होते. सकाळी घरमालकिणीचा तुटपुंजा नाश्ता, दिवसभर ब्रिटिश म्युझियमचं ग्रंथालय, दुपारचं जेवण नाहीच. रात्री वाचता वाचता भूक असह्य झाली की ओळखीच्या माणसाने दिलेले पापड भाजायचे आणि कपभर दुधाबरोबर खायचे. चरित्रातला हा पापड आपण सगळ्यांनी ऐकलेला आहे, दर १४ एप्रिलला ऐकतो.

आता आमचं स्पष्ट मत सांगतो, कोणाला कडू वाटलं तरी चालेल. या उपासाचं कौतुक करता करता आपण आपल्या पोरांना उपाशी राहणं हा अभ्यासाचाच भाग आहे असं शिकवतो आहोत. बाबासाहेब हौसेने उपाशी राहिले नाहीत. पैसे नव्हते म्हणून राहिले. आनंदीबाईंना दुसरा रस्ता नव्हता. आज रस्ते आहेत. आज जर्मनीचा व्हिसा मिळायला वर्षाचे ११,९०४ युरो आधी खात्यात बांधून ठेवावे लागतात, त्यातून महिना ९९२ युरो हाती येतात. रुपयांत लाखभर झाले. ही रक्कम ठरवताना त्या सरकारने जेवण धरलेलं आहे. आपल्याकडचं पोरगं मात्र प्रत्येक गोष्टीला शंभरने गुणतं. चार युरोचं ताट समोर आलं की त्याला चारशे रुपये दिसतात, चारशे रुपयांत घरचा किती दिवसांचा भाजीपाला येतो ते दिसतं, संत्र्याच्या बागेवर काढलेलं कर्ज दिसतं, आणि ते ताट परत ठेवून ब्रेडचा तुकडा उचलतं.

आमच्या पुतण्याचं हेच झालं. रोज रात्री फोन व्हायचा. वहिनी विचारायच्या, "जेवलास का?" तो म्हणायचा, "हो, जेवलो." दोन महिने हाच संवाद चालला. दिवाळीला व्हिडिओवर कुर्ता घालून बसला, तेव्हा आजीच्या लक्षात आलं की गळ्यापाशी कुर्ता दोन बोटं सैल आहे. "पोरा, जेवलास ते सांगू नको, काय जेवलास ते सांग," असं आजीने विचारलं आणि पोरगं गप्प झालं. सकाळी बिस्किट, दुपारी काही नाही, रात्री नूडल्स. पैसे खात्यात होते. करून खायला येत नव्हतं आणि विकत घ्यायला मन होत नव्हतं. चार पिढ्यांच्या आमच्या घरात मुलाने तव्याला हात लावला नव्हता, याचा आम्हाला अभिमान होता. असो.

तिथून त्याच्या वडिलांनी व्हिडिओवरच त्याला चून शिकवलं. कांदा बारीक चिर, तेलात मोहरी तडतडू दे, बेसन पाण्यात आधी कालव म्हणजे गुठळ्या होत नाहीत. बेसन, तांदूळ, तूरडाळ हे आशियाई दुकानांत मिळतं. गंमत अशी झाली की शेवटी वरून टाकायला सांबार आण, असं त्याने खोलीतल्या मद्रासकडच्या मित्राला सांगितलं. त्याने बिचाऱ्याने सांबार मसाल्याचं पाकीट आणलं. कोथिंबिरीला सांबार म्हणणारी माणसं जगात आपण वऱ्हाड-नागपूरकडचीच, हे पोराला जर्मनीत जाऊन कळलं.

तिसरा माणूस आम्हाला जवळचा वाटतो, कारण तो वर्ध्याचा. डॉ. पांडुरंग सदाशिव खानखोजे. वर्धा नदी उगम पावते ती आपल्या शेजारच्या मुलताई तालुक्यात, म्हणजे पाण्याचंही नातं आहे. क्रांतिकारक म्हणून ते देशाबाहेर पडले, अमेरिकेत मजुरी करत शेतीशास्त्र शिकले, गदर चळवळीत राहिले आणि १९२४ मध्ये मेक्सिकोत पोहोचले. तिथे चापिंगोच्या शेतकी विद्यालयात ते प्राध्यापक झाले, मक्यावर काम केलं. मेक्सिकोचं रोजचं अन्न म्हणजे मक्याची भाकर, तिला ते तोर्तिया म्हणतात, आणि तिच्याबरोबर मिरचीची चटणी. ज्वारीची भाकर आणि ठेचा खाऊन वाढलेल्या वर्ध्याच्या माणसाला ते ताट परकं कशाला वाटेल? डिएगो रिव्हेरा या तिथल्या नामांकित चित्रकाराने सरकारी शिक्षण खात्याच्या भिंतीवर रोजच्या भाकरीचं मोठं चित्र काढलं, त्यात मेजावर बसून भाकर मोडणारा माणूस आहे तो खानखोजे. आज आपल्या जुन्या छिंदवाडा जिल्ह्यात एवढा मका पिकतो की २०१८ साली त्याचा महोत्सव भरवला गेला. त्या मक्याच्या भूमीत या माणसाचं नाव किती जणांना माहीत आहे, ते तुम्हीच सांगा.

खानखोज्यांकडून पोरांनी घ्यायचं ते हे, की त्या मातीत काय पिकतं ते आधी बघावं. जर्मनीत बटाटा, कोबी, मसूर, राजमा, दही, सफरचंद स्वस्त आणि उत्तम. विद्यापीठाच्या भोजनालयाला ते मेन्झा म्हणतात, तिथे विद्यार्थ्याला तीन-चार युरोत गरम ताट मिळतं आणि शाकाहारी पदार्थ बहुतेक रोज असतो. दुपारी तिथे जेवावं, रात्री घरी करावं. रविवारी दुकानं बंद असतात, म्हणून शनिवारीच भाजी आणावी. पहिल्या रविवारी आपलं प्रत्येक पोरगं फसतं. शाकाहारी असाल तर पाकिटावरची बारीक अक्षरं वाचावीत. गोळ्या-चॉकलेटात जिलेटिन असतं, ते जनावराच्या कातडी-हाडांपासून करतात.

शाळकरी वयात रोटरीसारख्या योजनेतून जाणाऱ्यांचं वेगळं. ती मुलं पंधरा ते अठरा वर्षांची असतात आणि तिकडच्या एखाद्या कुटुंबातच राहतात, जेवण घरचंच. तिथे अडचण उपासमारीची नसते, संकोचाची असते. आपल्याकडे पाहुण्याला आग्रह होतो, दोनदा नाही म्हटलं की तिसऱ्यांदा वाढतात. तिकडे एकदा नाही म्हटलं की भांडं पुढे जातं. किती मुलं सवयीने नको म्हणून अर्धपोटी उठली असतील! जर्मन घरांत संध्याकाळी लवकर, अनेकदा ब्रेड, चीज, काकडी असं थंडच जेवतात. रात्री नऊला पोट ओरडतं, पण स्वयंपाकघरात जायची हिंमत होत नाही. निघण्यापूर्वी मुलांना हे एक वाक्य शिकवाच: मला अजून भूक आहे.

आता त्या बॅगेबद्दल. सरकारी नोकरीत असल्यामुळे नियम वाचायची आम्हाला खोड आहे, म्हणून सांगतो. युरोपीय संघाच्या देशांत प्रवाशाला दूध आणि मांसाचे पदार्थ नेता येत नाहीत. म्हणजे घरचं तूप आणि पेढे विमानतळावर जाणार. ताजी फळं प्रमाणपत्राशिवाय चालत नाहीत, केळं-नारळासारखे थोडे अपवाद आहेत. आपला संत्रा त्यात नाही, मग तो स्वतःच्या बागेतला का असेना. दुबईला किंवा सिंगापूरला जाणाऱ्याच्या मसाल्यात खसखस टाकू नका, तिकडे तो गुन्हा आहे, आणि आपल्या रश्श्याच्या वाटणात ती असते हे आईच्या लक्षात राहत नाही. लोणचं हातातल्या बॅगेत ठेवू नका. जवसाची चटणी, कुरडया, मुगवड्या, हळद-तिखट, गोडा मसाला, एक लहान कुकर आणि लोखंडी तवा एवढं न्यावं. पापड घालाच, पण तो बाबासाहेबांचा पापड होऊ देऊ नका. सोबत वरण-भात असू द्या.

अकरावी-बारावीतल्या आणि कॉलेजातल्या मुलांसाठी विसर्जनानंतरच्या चार रविवारी सकाळी नऊ वाजता मंडळाच्या सभागृहात स्वयंपाक शिकवायचं ठरलं आहे. शिकवायला आपल्यातल्याच चार काकू तयार झाल्या आहेत. पहिल्या रविवारी कुकर लावणं आणि वरण, दुसऱ्या रविवारी चून आणि पोळी, पुढचं काकू ठरवतील. मुलींना यायला मनाई नाही, पण नावं मुलांची आधी घेतली जातील. तवा आणि लाटणं आपापलं आणावं. सांबार मंडळ देईल.

गणपती बाप्पा मोरया!